आत्याच्या पायाखालचा ब्रेक

१

गाडीचं नाक बांधात घुसलं होतं, एक दिवा फुटला होता, बॉनेट मधोमध उचकटून वर आलं होतं आणि बेबीनंदा आत्या स्टिअरिंग असं घट्ट धरून बसली होती, की कुणी सोडवायला आलं असतं तर चावलीच असती. मागच्या सीटवर तिघी पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. कुणाची वेणी कुणाच्या तोंडात, कुणाचा डबा कुणाच्या मांडीत उघडलेला. त्यातल्या प्रियदर्शनीचा हात मनगटापाशी भलत्याच बाजूला वळला होता. ती रडत नव्हती. हाताकडे नुसती बघत होती, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा हात.

पुढच्या सीटवर तृप्ती होती, दहावीतली, आत्याची सख्खी भाची. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं आणि तिनं सगळं पाहिलं होतं. ओढ्याच्या पुलाचा उतार लागला, समोरून मक्याची ट्रॉली आली, आत्यानं ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय खाली गेला. सरळ खाली, पार मॅटपर्यंत! आत्यानं हँडब्रेक खेचला, तो नुसताच कर्कन ओरडला, तेव्हा तिनं गाडी डाव्या अंगाला बांधात घातली. ट्रॉलीवर घातली नाही, ओढ्यात घातली नाही. पाच जणी जिवंत राहिल्या त्या तेवढ्यानंच.

आणि वस्तीवरून धावत आलेल्या मोठ्या बाबांनी, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ काकासाहेब गाडेकर यांनी, आल्या आल्या काय केलं? लागलं का गं पोरींनो, असं विचारलं? छे! ते रस्त्यावर वाकले, डांबर नीट न्याहाळलं आणि उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "रोडवर टायर घासल्याची एक रेघ न्हाई. म्हंजे हिनं ब्रेक दाबलाच न्हाई. घाबरून रेस दाबली. बाईच्या हातात गाडी दिली, तिथंच चुकलो मी."

तृप्तीच्या डोक्यात जाळ झाला. "मोठे बाबा, दाबला होता! मी पाह्यलं!"

"तू गप. तू तिचीच."

प्रियदर्शनीचे वडील राधेश्याम लेकीला मोटारसायकलवर मधे बसवून जालन्याच्या दवाखान्याकडे निघाले. जाता जाता आत्याकडे न बघताच म्हणाले, "आजपासून माझी पोरगी या गाडीत बसणार न्हाई." मागच्या उरलेल्या दोघी तातेरावांच्या. तातेरावांनीही मान हलवली, "आमच्याबी न्हाई."

वस्तीवर एसटी येत नाही. टेंभुर्णीच्या शाळेला जायचं तर ही एकच गाडी होती, तृप्तीपेक्षा वयानं मोठी, आणि ती चालवायला तयार असलेली एकटी आत्या. गाडी बंद झाली की चौघींची शाळा बंद.

"सतरा नंबरचा फॉर्म भरा अन् घरी बसून अभ्यास करा," मोठ्या बाबांनी निकाल देऊन टाकला. "उद्या सकाळी भंगारवाल्याला बोलावतो. ही ब्याद नको दारात."

माणसं पांगली. तेव्हा कुठं आत्यानं स्टिअरिंग सोडलं. तिचे ओठ कोरडे पडले होते.

"तृप्ते," ती अगदी हळू म्हणाली, "मी दाबला होता ना गं ब्रेक? का खरंच दुसरंच काही दाबलं?"

२

ट्रॅक्टरनं ओढून गाडी शेडात आणून टाकली. दुपारपर्यंत वस्तीवरच्या प्रत्येक माणसाला आत्याच्या पायाबद्दल पक्कं मत झालं होतं. कुणी म्हणे तिला क्लच अन् ब्रेक वेगळा कळत नाही. कुणी म्हणे साडीचा काठ अडकला, आणि आत्या गाडी चालवताना नेहमी पंजाबी ड्रेस घालते हे त्यांना रोज दिसत होतं! एकानं तर ती फोनवर बोलत होती म्हणून शपथ घेतली. आत्याचा फोन तेव्हा घरी चार्जिंगला होता.

आत्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई म्हणाली, "तू जेवून घे." तृप्ती म्हणाली, "मला भूक न्हाई, मला राग आलाय," आणि पाय आपटत शेडात गेली.

ड्रायव्हरच्या सीटवर बसून तिनं ब्रेकवर पाय ठेवला. इंजिन बंद. पाय दाबला, पेडल जरा खाली जाऊन थांबलं. हात्तिच्या! लागतोय की ब्रेक. म्हणजे आत्याचंच चुकलं? मग तिनं पाय उचललाच नाही, तसाच दाबून धरला. आणि पेडल हलायला लागलं. हळूहळू, ओल्या गाऱ्यात पाय रुतावा तसं, जात जात मॅटला टेकलं.

तिनं पाय उचलून पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. आधी आधार देतं, मग पायाखालून निसटतं.

"काय करून राह्यली गं तिथं?"

मोठ्या बाबांचा कल्याण शेडाच्या खांबाला टेकून उभा होता. कल्याण गेली काही वर्षं बी.ए. करत होता आणि ही गाडी आपल्याला मिळावी म्हणून त्याहून जास्त वर्षं मागं लागला होता. आत्या चालवायला लागली आणि त्याचं ते राहून गेलं. तृप्तीनं त्याला डोळे बारीक करून पाहिलं.

"ब्रेक फेल आहे. बघ, खाली जातोय."

"हट्! फेल असता तर तेल गळलं असतं. हे बघ." त्यानं वाकडं बॉनेट वर केलं. ब्रेकच्या तेलाचा छोटा प्लॅस्टिकचा डबा काठोकाठ भरलेला होता. झाकणावर काहीतरी तांबूस, गंजासारखं लागलेलं, आणि बाजूच्या खाचेत झेंडूची एक वाळकी पाकळी अडकलेली. तृप्तीनं गाडीखाली वाकून पाहिलं. चारही चाकं आतून कोरडी ठणठणीत.

"झालं समाधान? तेल फुल्ल, गळती झिरो. आत्याचाच पाय चुकला."

"तुला आधीच बरं माहीत डबा भरलेला आहे ते?"

कल्याण खिशातला फोन काढून बघायला लागला. "काल पाह्यलं होतं. आत्याच मागं लागल्ती ना, चाकं तापून राह्यलीत, वास येऊन राह्यलाय. उघडलं, पाह्यलं, काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं?"

"काहीच न्हाई! अन् तू कोण मोठी फौजदार?" असं म्हणून तो गेला, जरा जास्तच जल्दी गेला.

तृप्ती वैतागून त्या डब्याकडे बघत उभी राहिली. तेल कुठंच गेलं नव्हतं आणि ब्रेक तर गेला होता. हे दोन्ही एकदम खरं कसं असेल?

३

टेंभुर्णीत गॅरेज रामप्रसादचं. गणपतीत ब्रेकचं काम त्यानंच केलं होतं. तृप्तीनं आईच्या फोनवरून त्याला फोन लावला आणि एका दमात सांगितलं, "तुमच्या कामामुळं प्रियदर्शनीचा हात मोडला. तुम्ही पाइपात हवा ठेवली."

रामप्रसाद चहासुद्धा अर्धा टाकून आला. मोटारसायकल स्टँडवर लावायच्या आधीच त्याचं सुरू झालं, "कोण म्हणतं हवा ठेवली? माझ्या धंद्यावर उठली का गं तू? माझं काम बराबर होतं!"

"मग दाखवा की बराबर."

तो धुसफुसतच सीटवर बसला. भराभर पेडल मारलं. "हवा असली ना, तर पेडल असं स्पंजासारखं लागतं. चार वेळा मारलं की कडक होतं, अन् मंग धरून ठेवलं तर जागचं हलत न्हाई. हे बघ, हे कडक होऊनबी खाली चाललंय. हवा बिलकुल न्हाई."

"अन् हवा राहिली असती तर त्याच दिवशीपासून कळलं असतं," तृप्ती म्हणाली. गणपतीनंतर दसऱ्यापर्यंत पेडल दगडासारखं होतं, हे तिला स्वतःला आठवत होतं. आत्या तेव्हा खूश होती, नुसता अंगठा टेकवला तरी गाडी थांबते म्हणायची. म्हणजे रामप्रसाद सुटला. तिला त्याचा थोडा रागच आला, कारण तो संशयित म्हणून फार सोपा होता.

"मास्टर सिलेंडर गेलाय," रामप्रसादनं हात झटकले. "म्हंजे कसं, रंगपंचमीची पिचकारी असते ना? दट्ट्याला रबर असतं. रबर खराब झालं की दट्ट्या दाबला तरी पाणी पुढं जात न्हाई, रबराच्या कडेनं मागं सटकतं. तेल मागं सटकून डब्यातच येतं, म्हणून डबा भरलेला. जुन्या गाडीत होतं असं. संपला विषय."

तृप्तीला नाचावंसं वाटलं. डबा भरलेला आणि ब्रेक गेलेला, दोन्ही खरं! कल्याणचा सगळा हुशारीचा फुगा फुटला. पण लगेच तिच्या कपाळाला आठी पडली.

"काका, ते रबर किती जुनं?"

"जुनं कुठलं? गणपतीतच नवं टाकलं ना, पुढच्या चाकांचंबी अन्..." रामप्रसादचं तोंड उघडंच राहिलं.

"मग नवं रबर दिवाळी होते न होते तोच काहून गेलं?"

तो खाली उतरला, बॉनेटपाशी गेला आणि तेलाच्या डब्याचं झाकण फिरवायला लागला. ते फिरता फिरेना. जोर लावल्यावर एकदाचं निघालं. झाकणाच्या आतली रबराची चकती तळलेल्या पुरीसारखी फुगली होती, कडा झालरीसारख्या वळलेल्या. आणि त्या कडेवर कुणीतरी टोकदार वस्तूनं टोचून टोचून ती आत दाबल्याच्या ताज्या खुणा होत्या.

"आईच्यान सांगतो," रामप्रसादचा आवाजच बदलला, "हे मी केलं न्हाई."

४

कल्याण गोठ्यामागं सापडला. तृप्तीनं ते झाकण त्याच्या नाकासमोर धरलं.

"काहीच नव्हतं, न्हाई का? मग हे टोचलं कुणी?"

कल्याणनं आधी आकाशाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "झाकण लागेना. रबर फुगून बाहेर आल्तं. स्क्रूड्रायव्हरनं आत कोंबलं अन् लावलं. एवढंच!"

"एवढंच? आणि आत्याला काय सांगितलं?"

"सगळं ओके म्हणून..." तो पुटपुटला. "मॅच चालू होती गं. मला काय माहीत असं होईल."

"सकाळी माहीत झालं ना? सकाळी सगळे तिला बोलत होते, तेव्हा तू तिथंच उभा होतास!"

तिला त्याला ढकलून उकिरड्यावर पाडावंसं वाटलं. तो पडलाही असता, इतका तो ढिला उभा होता. पण चकती फुगवली नव्हती त्यानं. ती आधीच फुगली होती. फुगवणारं त्या डब्यात होतं.

ती घरातून चहाचे दोन काचेचे ग्लास पाण्यानं भरून शेडात घेऊन आली. आई "अगं माझे ग्लास!" म्हणत मागं आली, आणि आईच्या मागं आत्याही दारापर्यंत आली. तृप्तीनं रामप्रसादनं बरोबर आणलेल्या सीलबंद बाटलीतलं ब्रेकचं तेल थोडं एका ग्लासात टाकलं. हलवलं. ते पाण्यात असं मिसळून गेलं, की शोधून सापडेना. मग स्ट्रॉनं गाडीच्या डब्यातलं वरवरचं तेल काढून दुसऱ्या ग्लासात सोडलं. ते हललं, फुटलं, परत गोळा झालं आणि रश्श्यावरच्या तर्रीसारखं पाण्यावर तरंगत राहिलं.

"हे ब्रेकचं तेलच न्हाई!" रामप्रसाद ओरडला. बोटावर घेऊन त्यानं वास घेतला. "हे खनिज तेल हाये. हे ब्रेकच्या रबराला लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं. आधी फुगून ब्रेक चाकाला धरून ठेवतं..."

"म्हणून चाकं तापत होती," दारातून आत्या म्हणाली. सकाळच्या त्या प्रश्नानंतर ती पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलत होती. "म्हणून वास येत होता. अन् मला म्हणत होते, तू हँडब्रेक लावून चालवतेस."

"अन् मंग रबर पार जातं, पेडल खाली जातं," रामप्रसादनं पुरं केलं.

पण टाकलं कुणी? खनिज तेल शेतावर एकाच कॅनमध्ये होतं, ट्रॅक्टरच्या. कॅन सगळ्यांच्या हाताशी. कल्याणनं? तो बॉनेट उघडण्याआधीच चाकं तापत होती. मुद्दाम कुणी टाकलं असतं तर गुपचूप टाकून झाकण पुसलं असतं. तृप्तीनं झाकण उलटं केलं, सुलटं केलं. वरचा तो तांबूस डाग तिनं नखानं खरवडला. गंज खरखरीत असतो. हा तेलकट होता, आणि नखावर लालभडक उतरला.

गाडेकरांच्या घरी खांडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सगळी अवजारं, सगळी मशिनं धुऊन पुजतात. आणि पूजा म्हणजे नुसती फुलं नाहीत. ज्याला ज्याला तेल लागतं त्याला तेल द्यायचं, आणि तेल दिलं त्या जागी कुंकवाचं बोट टेकवायचं, म्हणजे एकाला दोनदा देणं होत नाही. विळ्याच्या मुठीला, पंपाला, मळणीयंत्राला, ट्रॅक्टरला. ते बोट घरातलं एकच माणूस लावतं. बाकी कुणी हात लावलेला त्याला चालत नाही.

तृप्तीनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं ते लाल नख पाहिलं. दोघींना एकदमच कळलं.

५

मोठे बाबा ओट्यावर तातेरावांबरोबर चहा पीत होते. तृप्ती समोर जाऊन उभी राहिली. तिच्या मागं आत्या, रामप्रसाद, आई, आणि बराच मागं कल्याण.

"मोठे बाबा, खांडेनवमीला गाडीला तेल कुणी दिलं?"

"मीच! या घरातल्या एकेका मशिनीला मी सोताच्या हातानं तेल देतो. काहून?"

"कोणतं तेल?"

"ट्रॅक्टरचं. ब्रेकचा डबा जरा कमी दिसला, भरला काठोकाठ. आपल्या ट्रॅक्टरचे ब्रेक त्याच तेलात बुडालेले असतात, एवढी वर्षं झाली, कधी एक तक्रार न्हाई."

रामप्रसादनं कपाळावर हात मारला. तृप्तीनं दोन्ही ग्लास ओट्यावर ठेवले, झाकण ठेवलं आणि सगळं सांगितलं. फुगलेलं रबर, तापलेली चाकं, कल्याणचा स्क्रूड्रायव्हर, पिचकारी. "अन् रोडवर रेघ न्हाई म्हणालात ना? ब्रेक लागला असता तरच टायर घासलं असतं! रेघ न्हाई म्हणजे ब्रेक लागला न्हाई. दाबला न्हाई असं त्यातून कुठं निघतं?"

मोठ्या बाबांचा चेहरा लाल झाला. "ब्रेकलाच टाकलं ना तेल? दह्यात तर न्हाई टाकलं! तेल ते तेल. या पोरीच्या सांगण्यावर..."

"या गाडीत बसा," आत्या म्हणाली.

"काय?"

"दादा, बसा. ड्रायव्हरच्या जागी."

तिचा आवाज इतका थंड होता, की ते उठलेच. तातेरावही मागोमाग आले. मोठे बाबा सीटवर बसले, धोतर सावरून त्यांनी पेडलवर पाय ठेवला आणि विजयी नजरेनं वर पाहिलं. "हे बघा, लागला ब्रेक!"

"पाय काढू नका. दाबून धरा."

त्यांनी धरला. तृप्ती त्यांच्या पायाकडे बघतच नव्हती. ती तोंडाकडे बघत होती. आधी भुवया हलल्या. मग ओठ मिटले. मग त्यांनी जोर लावला, सगळा अंगचा जोर लावला, सीटमधून अर्धे उठले, आणि जेवढा जोर लावला तेवढा पाय खालीच गेला. मॅटला टेकला. शेडात उभ्या असलेल्या गाडीत बसून त्या माणसाला घाम फुटला.

"आता पुढं पुलाचा उतार आहे," आत्या म्हणाली. "समोर ट्रॉली. मागं तिघी पोरी, शेजारी तुमची पुतणी. काय करता?"

मोठ्या बाबांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं.

"मी बांधात घातली. तुम्ही काय केलं असतं ते सांगा."

"बेबे, चूक झाली," मोठे बाबा खाली बघत म्हणाले. "आता विषय वाढवू नको."

"वाढवणार!" आत्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "चुकून तेल टाकलं, टाकलं. पण मी किती वेळा सांगितलं, चाकं तापतात, वास येतो, गाडी ओढत न्हाई! हसलात माझ्यावर. हा तुमचा लेक न बघता ओके म्हणाला, त्याचं ऐकलंत. मी रोज चालवते, माझं ऐकलं न्हाई. अन् सकाळी सगळ्या गावासमोर मला नालायक ठरवलंत. दिवसभर मीच माझ्या पायावर संशय घेऊन पडले, दादा. माझ्या पायावर!"

मोठे बाबा तसेच बसून होते. पाय अजून मॅटवरच होता.

तातेरावांनी घसा खाकरला. "रामप्रसाद, दुरुस्त व्हईल का गाडी?"

"तेल लागलेलं एकूणएक रबर बदलावं लागंल. सिलेंडर, चाकं, पाइप, समदं. पाइप धुऊन काढावे लागतील. पण व्हईल."

"मंग कर. माझ्या पोरी येतील," असं म्हणून तातेराव आत्यासमोर उभे राहिले. "सकाळी मीबी बोललो. बोलायला नको होतं."

आत्यानं त्यांच्याकडे पाहून मान हलवली. मोठ्या बाबांकडे पाहिलंही नाही. "राधेश्यामभाऊंनी सकाळी जे ऐकलं ते तुमच्या तोंडून ऐकलं," ती म्हणाली. "आता हेही तुमच्याच तोंडून ऐकतील. त्यांच्या दारात. गाडी नीट झाली की मी घेऊन जाते."

६

गाडी गॅरेजातून आली तेव्हा एक दिवा अजून फुटकाच होता आणि बॉनेट तारेनं बांधलेलं होतं. रामप्रसादसमोर आत्यानं इंजिन बंद करून पेडल दाबून धरलं. बराच वेळ धरलं. ते जागचं हललं नाही. तृप्तीनं धरून पाहिलं. मग आईनं, जिनं जन्मात कधी गाडीच्या त्या बाजूला पाय ठेवला नव्हता, तिनंही धरून पाहिलं आणि उगाचच हसली.

मोठे बाबा पांढरी टोपी घालून बाहेर आले आणि सवयीनं ड्रायव्हरच्या दाराकडे गेले. आत्या आधीच तिथं बसलेली होती. ते फिरून पुढच्या दुसऱ्या दाराकडे गेले. तिथं तृप्ती होती. ती हलली नाही. मग ते मागं बसले.

राधेश्यामचं घर ओढ्यापलीकडं; आत्या रोज आधी प्रियदर्शनीला तिथून आणून मग शाळेकडे वळायची, आणि तिथं जायला तोच पुलाचा उतार लागतो. उतार दिसला तसे मोठे बाबा मागून पुढं झुकले.

"बेबे, हळू. ब्रेक मार. आत्ताच मार, पुढून..."

"दादा," आत्या आरशातही न बघता म्हणाली, "राधेश्यामभाऊंसमोर काय बोलायचं ते मनात जुळवा. गाडी मी बघते."

आणि तिनं ब्रेकवर अगदी हलकासा पाय टेकवला.